जबड्यातली सिस्ट घरी धुताना : करोनातल्या १३ महिन्यांची वही

माझ्या खालच्या जबड्याच्या उजव्या कोपऱ्यात १३ महिने एक भोक होतं. डॉक्टरांनी मुद्दाम पाडलेलं. जून २०२० ते जुलै २०२१, रोज तीन वेळा मी त्यात सिरिंजने सलाईन मारायचो आणि दर रविवारी वहीत आकडा लिहायचो. नाशिकला अंबडच्या कारखान्यात मी क्वालिटीला आहे. माप घेतल्याशिवाय मला चैन पडत नाही, म्हणून वही.

तेव्हापासून ओळखीतल्या पाच-सहा जणांनी फोन करून विचारलंय, "जबड्यात सिस्ट निघालीय. डॉक्टर म्हणतात आधी छोटं भोक पाडू, मोठं ऑपरेशन नंतर बघू. करू का?" प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढतो. मी डॉक्टर नाही. औषधाचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचा. घरी काय करायचं आणि काय विचारायचं, ते माझ्याकडून घ्या.

आधी दुखणं ओळखा

सिस्ट म्हणजे पातळ अस्तर असलेली पाण्याची पिशवी. जबड्याच्या हाडात ती गुपचूप वाढते. आत पाणी साठतं, दाब वाढतो आणि त्या दाबाने आजूबाजूचं हाड झिजत जातं. बहुतेकांना बरीच वर्षं पत्ताच लागत नाही. मला लागला तो फेब्रुवारी २०२० मध्ये, दुसऱ्याच दाढेसाठी काढलेल्या ओपीजीत. ओपीजी म्हणजे दोन्ही जबडे एका पट्टीवर दिसतात तो मोठा एक्स-रे. आडवी झोपलेली अक्कलदाढ आणि तिच्या डोक्याभोवती लिंबाएवढा काळा गोल.

सगळ्या सिस्ट सारख्या नसतात, आणि इथेच घाई करू नका. मेलेल्या, किडलेल्या दाताच्या मुळाशी होते ती रॅडिक्युलर सिस्ट, सगळ्यात जास्त आढळणारी. न उगवलेल्या दाताच्या डोक्याभोवती होते ती डेंटिजरस, माझी. तिसरी केराटोसिस्ट, तिच्यात पाण्याऐवजी दह्याच्या चोथ्यासारखा पांढरा माल निघतो आणि काढल्यावर ती परत उगवायची खोड जास्त. एक्स-रेवर तिघी बहिणी-बहिणी दिसू शकतात. शिवाय अमेलोब्लास्टोमा नावाची खरीखुरी गाठही कधी कधी सिस्टचं सोंग घेऊन बसलेली असते. म्हणून अस्तराचा तुकडा बायोप्सीला गेल्याशिवाय 'साधी सिस्ट आहे हो' या वाक्यावर विसंबू नका. माझा तुकडा भोक पाडतानाच काढला आणि रिपोर्ट दहा दिवसांनी आला. ते दहा दिवस मी वहीत आकडे सोडून काहीही लिहिलेलं नाही.

ऑपरेशन पुढे ढकललं तेव्हा

माझं ऑपरेशन मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ठरलं होतं. पूर्ण भूल, तीन दिवस ॲडमिट, सिस्ट आणि दाढ दोन्ही एकदम बाहेर. २२ मार्चला जनता कर्फ्यू, २५ पासून लॉकडाऊन, आणि तातडीची नसलेली सगळी ऑपरेशनं बंद. दातांच्या दवाखान्यांची तर दुहेरी पंचाईत होती. ड्रिलमधून उडणारा पाण्याचा फवारा थेट रुग्णाच्या तोंडातून डॉक्टरच्या तोंडावर येतो, त्यामुळे विषाणूच्या दृष्टीने ही सगळ्यात जोखमीची खुर्ची.

मे संपता संपता गाल आतून टम्म लागू लागला. डॉक्टर मॅडमनी दुसरी वाट सुचवली. जागेवरच भूल देऊन पिशवीला खिडकी पाडायची, नळी बसवायची, दाब काढून टाकायचा. दाब गेला की कडेकडेने नवं हाड धरतं आणि पिशवी आक्रसत जाते. याला डीकॉम्प्रेशन म्हणतात. खिडकी मोठी ठेवून अस्तर हिरडीला शिवलं तर मार्सुपियलायझेशन. मला वाटलं करोनासाठी काढलेला जुगाड असेल. तसं नाही. कार्ल पार्ट्श नावाच्या जर्मन सर्जनने ही पद्धत १८९२ मध्येच मांडली होती. करोनात तिचे दिवस परत आले, कारण ॲडमिट व्हायचं नाही, पूर्ण भूल नाही, फवारा कमी, अर्ध्या तासात घरी.

आणखी एक फायदा करोनाशी संबंध नसलेला. खालच्या जबड्यातून ओठाला संवेदना देणारी नस जाते. माझी सिस्ट तिला टेकलेली होती. तशीच खरवडून काढली असती तर ओठ बधिर राहण्याची भीती होती आणि पातळ झालेला जबडा मोडण्याचीही. सिस्ट लहान झाल्यावर काढली की दोन्ही धोके कमी होतात. मुलांमध्ये तर अडकलेला दात वाचतोही. दाब गेला की कधी कधी आपोआप वर येतो.

हो म्हणण्याआधी

मी मॅडमना जे विचारलं आणि जे विचारायचं राहिलं, दोन्ही देतो. किती महिने चालेल? (सहा ते बारा धरा, असं उत्तर मिळालं.) नंतर दुसरं ऑपरेशन लागेलच का? (बहुतेक लागेल.) नळी निघाली तर कोणाला फोन करायचा, रविवारी कोणाला? दर किती महिन्यांनी एक्स-रे? दवाखाना कंटेन्मेंट झोनमध्ये गेला तर पर्याय कोण? रविवारचा आणि कंटेन्मेंटचा, हे दोन प्रश्न माझे राहिले आणि दोन्ही पुढे नडले.

पैशाचंही आधीच बोला. एकरकमी खर्च कमी वाटतो, पण एक्स-रे, तपासण्या, पुढचं ऑपरेशन धरून बेरीज करा. पंचवटीत डेंटल कॉलेज आहे, तिथे खर्च बराच आटोक्यात बसतो. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत तुमचं ऑपरेशन बसतं का, हे हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भोक पाडायच्या आधी विचारा.

माझं स्पष्ट मत: ऑपरेशनची भीती वाटते म्हणून हा मार्ग निवडू नका. पूर्ण ऑपरेशनमध्ये काम डॉक्टर करतो आणि तुम्ही झोपलेले असता. यात काम तुम्ही करता, रोज, वर्षभर. ज्याला दिलेल्या तारखेला जाणं जमत नाही, ज्याचा गुटखा सुटत नाही, त्याने थांबून मोठं ऑपरेशन केलेलं बरं.

भोक पाडायचा दिवस

फार काही सांगण्यासारखं नाही. आधी पोव्हिडोन आयोडीनने गुळण्या करायला लावल्या, विषाणूसाठी. इंजेक्शनने जबडा बधिर झाला. जाड सुईने आतलं पाणी ओढलं, सिरिंजमध्ये वाळ्याच्या सरबतासारखं पिवळसर पाणी आलं आणि मॅडम पीपीईच्या आतून म्हणाल्या, "हे बघून बरं वाटलं." मग खिडकी, तुकडा, नळी, काळ्या रेशमाचे दोन टाके. तेवढ्यात सगळं संपलंही. सिडकोपर्यंत स्कूटरवर हिच्या मागे बसून आलो, द्वारका चौकात पोलिसांनी अडवलं तेव्हा तोंडातला बोळा दाखवला. पास मागितला नाही.

पहिले तीन-चार दिवस सूज आणि थोडं रक्ताळलेलं पाणी, हे चालायचंच.

धुणं

सगळी गोम इथे आहे, म्हणून सावकाश सांगतो.

सामान: १० मि.ली.ची सिरिंज, तिला पुढे बोथट, वाकवलेली सुई किंवा मऊ नळी, जी डॉक्टर देतील ती. टोकदार सुई चुकूनही नको. सलाईनची बाटली, नाहीतर पाव लिटर पाणी खळखळून उकळून गार करा आणि त्यात सपाट अर्धा चहाचा चमचा मीठ घाला. हे पाणी रोज नवं. गंगापूर धरणाचं पाणी कितीही चांगलं म्हटलं तरी नळाचं सरळ नको. बेसिनवर आरसा, हातात टॉर्च. आमच्याकडे बेसिनवरचा बल्ब पिवळा होता, तो पहिल्याच आठवड्यात बदलला.

हात साबणाने धुवा. आधी साधी चूळ भरून अन्नाचे कण काढा, नाहीतर तेच आत ढकलाल. गाल बोटाने बाहेर ओढा, सिरिंजचं टोक नळीच्या तोंडात अलगद टेकवा. दट्ट्या हळू दाबा. पाणी आत गेलं की आतून गार वाटतं, कानाच्या खाली, अगदी हाडाच्या आत. ही जाणीव विचित्र आहे, दुसऱ्या कशासारखी नाही. मग नळीच्या कडेने पाणी तोंडात परत येतं. पहिल्या आठवड्यात ते तपकिरी आणि वासाचं येतं, दचकू नका. स्वच्छ येईपर्यंत दोन-तीन सिरिंज. सकाळी, दुपारच्या जेवणानंतर आणि झोपताना. झोपतानाचं चुकवू नका.

पाणी जात नसेल तर जोर लावायचा नाही. नळीत काहीतरी अडकलंय. पुन्हा चूळ भरा, टोकाचा कोन बदला, पाच मिनिटं थांबा. तरीही नाही गेलं तर फोन.

मॅडमनी क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉशही दिलं होतं, दोन आठवड्यांपुरतं. मी शहाणपणा करून दीड महिना चालू ठेवलं. दातांवर चहाचे असावेत तसे डाग पडले आणि वरणाची चव जाऊ लागली. ऑगस्ट २०२० मध्ये चव जाणं म्हणजे घरात काय गोंधळ उडाला असेल, कल्पना करा. आईने मला दोन दिवस मागच्या खोलीत ठेवलं. सांगितलं तेवढंच वापरा. आणि यूट्यूबवर बघून हायड्रोजन पेरॉक्साइड भोकात मारू नका. बंद पोकळीत त्याचा वायू होतो, त्याला बाहेर पडायला जागा लागते.

आता वहीतला आकडा. पाणी तोंडात परत यायला लागेपर्यंत सिरिंजमधलं किती गेलं, ते मी दर रविवारी लिहायचो. जूनमध्ये ८ मि.ली. ऑगस्टअखेर ५. डिसेंबरात ३. हे शास्त्रीय माप नव्हे, मॅडमनी हसून सांगितलं की खरं माप एक्स-रेच. पण दर तीन महिन्यांनी येणाऱ्या एक्स-रेच्या मधल्या बारा रविवारी धीर धरायला काहीतरी हवं असतं.

चौथ्या महिन्यात नळी काढून ॲक्रिलिकचं बूच मिळालं, कवळीच्या गुलाबी रंगाचं. जेवताना आत, धुताना बाहेर. पोकळी भरत जाते तसं बूच घासून आखूड करून घ्यावं लागतं, नाहीतर ते नव्या हाडालाच अडतं. टोचायला लागलं की समजा वेळ झाली. रात्रभर काढून ठेवू नका. तोंडाचं भोक फार भराभर बुजतं.

नळी किंवा बूच पडलंच तर स्वतः कोंबू नका. डबीत ठेवा आणि त्याच दिवशी फोन करा. माझी नळी दुसऱ्या महिन्यात एका रविवारी पडली. दवाखान्याचा फोन लागेना, सोमवारी तो भाग सील. तिसऱ्या दिवशी खिडकी इतकी आकसली होती की पुन्हा इंजेक्शन, पुन्हा काप. रविवारी कोणाला फोन करायचा, हा प्रश्न मी वर का घातला, ते कळलं असेल.

खाणं

पहिला आठवडा पेज, मऊ भात, गार ताक. पुढे बहुतेक सगळं चालतं, दुसऱ्या बाजूने चावायचं. जबडा पातळ असतो तोवर ऊस, सुपारी, कडक चिक्की, हाडं बंद. नाशिकच्या माणसाला दोनच गोष्टी खरोखर जड जातात. एक चिवडा, त्यातला तळलेला कांदा भोकात जाऊन बसतो. दुसरी द्राक्षं, साल आत चिकटली तर दोन दिवस वास. मिसळीला हरकत नाही, फरसाण रश्श्यात चांगलं भिजू द्या आणि लगेच धुवा.

संक्रांतीला मात्र फसलो. बूच धुवायला काढलेलं, कोणीतरी तिळगूळ हातावर ठेवला, तोंडात टाकला. एक तीळ आत गेला. तीन सिरिंजा मारल्या, बाहेर येईना. रात्री अकराला, सातव्या सिरिंजेला, बेसिनमध्ये टपकला. ही म्हणाली, "आता तरी गोड बोला."

व्हॉट्सॲपवर तोंड दाखवणं

टेलिमेडिसिनची सरकारी नियमावली २५ मार्च २०२०लाच आली, म्हणजे लॉकडाऊनच्या पहिल्याच दिवशी. त्यामुळे डॉक्टरांनी फोनवर तपासणं रीतसर झालं. पण तोंडाच्या आतला फोटो काढणं ही कला आहे. दोन स्टीलचे चमचे घ्या, गरम पाण्यातून काढा. दांडा धरून उलट्या बाजूने एकाने गाल ओढा, दुसऱ्याने जीभ बाजूला. फोटो दुसऱ्याने काढायचा, खिडकीकडे तोंड करून, फ्लॅशशिवाय. सेल्फीत फक्त नाकपुड्या येतात. दर वेळी त्याच अंतरावरून काढा, म्हणजे तुलना होते. एक्स-रे फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा; नाहीतर व्हॉट्सॲप तो दाबून बारीक करतं आणि हाडाची कड दिसत नाही. एक्स-रे शक्यतो प्रत्येक वेळी त्याच सेंटरला.

संदेशात चार गोष्टी एका दमात लिहा: कितवा महिना, दुखणं दहापैकी किती, पाणी कसं येतंय, नवीन काय. एका हॉस्पिटलच्या फोन-ओपीडीत दर वेळी नवा डॉक्टर यायचा आणि मला फेब्रुवारीपासून सगळी कथा सांगावी लागायची. चौथ्या वेळी मी ती टाइप करून ठेवली.

दोन महिन्यांनंतरचा धोका

रुग्णाचं समाधान मोजायच्या रीती आहेत. दुखणं ० ते १० मध्ये मोजतात. तोंडाच्या आजाराचा जगण्यावर परिणाम किती, यासाठी ओएचआयपी-१४ नावाची १४ प्रश्नांची यादी जगभर वापरतात: बोलताना अडचण, चव, जेवताना त्रास, लाज वाटणं, चिडचिड असे प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४, सगळे मिळून ५६. जितके जास्त तितका त्रास. मॅडमनी ती मला तीनदा भरायला दिली.

माझे आकडे काय सांगतात बघा. भोक पाडण्याआधी ३१. दोन महिन्यांनी ९. गाल बसला, दुखणं गेलं, मी खूश. आणि नेमक्या त्याच आठवड्यांत वहीत पाच ठिकाणी 'दुपारचं राहिलं' लिहिलंय. बरं वाटायला लागलं की हात ढिला पडतो. त्या वेळी आत पाच मि.ली.ची पोकळी होती, अस्तर होतं, दाढ होती. समाधान ऑगस्टमध्ये आलं, हाड यायला पुढचा उन्हाळा उजाडला. करोनात कित्येकांनी याच टप्प्यावर जाणं सोडलं असणार. दुखत नाही, बाहेर रोगराई, कोण जातंय. दुखणं थांबलं हा या उपचारातला सगळ्यात नाजूक दिवस समजा आणि त्या दिवशी पुढच्या एक्स-रेची तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा. आम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांशेजारी माझ्या धुण्याचे खाडे मांडायला लागलो. मुलगी मांडायची, सूट द्यायची नाही.

दुसरी गोष्ट, दुखण्याने मी कधी नाराज झालो नाही. नाराज झालो ते 'अजून किती?' याचं उत्तर न मिळाल्याने. ज्या दिवशी मॅडमनी फेब्रुवारीचा आणि ऑक्टोबरचा एक्स-रे शेजारी-शेजारी लावून पेन्सिलीने कड दाखवली, त्या रात्री न चुकता धुतलं. तुमचे डॉक्टर स्वतःहून दाखवत नसतील तर मागा.

वाट बघायची नाही, अशी लक्षणं

ताप आणि गालाला टणक सूज, तोंड उघडेनासं होणं, गिळायला किंवा श्वासाला त्रास, पू, खालचा ओठ नव्याने बधिर, बोळा अर्धा तास दाबूनही न थांबणारं रक्त, काहीतरी कडक चावताना कट्कन आवाज आणि त्यानंतर दात नीट जुळेनासे. यात फोटो पाठवून उत्तराची वाट बघू नका, सरळ निघा. श्वास किंवा गिळण्याचं असेल तर रात्र असली तरी.

मे २०२१ मध्ये आणखी एक भीती आली, म्युकरमायकोसिस, म्हणजे काळी बुरशी. करोना होऊन गेलेला, मधुमेह असलेला, स्टेरॉइड घेतलेला माणूस असेल आणि वरचा जबडा दुखतो, दात अचानक हलतात, गाल बधिर, टाळूवर काळं, तर ती सिस्ट समजून घरी धूत बसू नका. तिथे दिवस नाही, तास मोजतात.

शेवटचं ऑपरेशन

ते एप्रिल २०२१ ला ठरलं होतं. दुसरी लाट आली आणि बेडच उरले नाहीत. एकदा तर उपाशीपोटी हॉस्पिटलच्या दारापर्यंत गेलो आणि आरटीपीसीआरच्या रिपोर्टची मुदत एका दिवसाने टळली म्हणून परत पाठवलं. शेवटी जुलैत झालं. आत राहिली होती वाटाण्याएवढी पिशवी आणि दाढ. जागेवरच्या भुलीत दोन्ही निघाले, नस शाबूत. वहीत शेवटचा आकडा १ मि.ली.

काढलेली पिशवी पुन्हा बायोप्सीला पाठवायला सांगा. पहिला तुकडा लहान असतो, सगळी पिशवी तीच कथा सांगेल असं नाही. पुढे ओपीजी सहा महिन्यांनी, मग वर्षाने. केराटोसिस्ट असेल तर ही वारी पुष्कळ वर्षं चालते, ते आधीच मनाशी धरा.

डिस्चार्जच्या वेळी काउंटरवरच्या मुलीने फीडबॅक फॉर्म दिला, दहापैकी गुण द्या. आठ दिले. 'कारण' लिहायला एकच ओळ होती, त्यात लिहिलं: एक गुण रविवारच्या फोनचा, एक रिपोर्टचा. तिने वाचलं, शिक्का मारला आणि विचारलं, "काका, बूच परत हवंय का?" ते आता माझ्या कपाटात आहे, माप घ्यायच्या व्हर्नियरच्या डबीत. शेवटची लांबी ६ मि.मी.